रॉकव्हिलचे अकरा जण : मॉन्टगोमेरी काउंटी कौन्सिल नक्की करतं काय?

सोनचाफा

वॉशिंग्टन परिसरातल्या आपल्या गटगला (गेट-टुगेदरला) राजकारण निघालं की गाडी एकतर व्हाइट हाउसला जाते नाहीतर थेट मंत्रालयात. मधे थांबाच नाही. मागच्या गटगला घरभाडं निघालं, फुकट झालेली राइड ऑन बस निघाली, शेजाऱ्याचा पानं उडवायचा पेट्रोलवरचा भोंगा बंद झाला तेही निघालं. प्रत्येक वेळी "फेडरलचं काहीतरी असेल" असं म्हणून मंडळी पुढच्या पदार्थाकडे वळली. अहो, हे सगळं ठरलं ते रॉकव्हिलमध्ये, म्हणजे मेरीलँड राज्यातल्या आपल्या मॉन्टगोमेरी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मुख्यालयात, मेरीलँड अव्हेन्यूवरच्या कौन्सिलच्या इमारतीत. म्हणून हा धागा.

मी वकील नाही, काउंटीत नोकरीलाही नाही. मुलांच्या शाळेपायी बजेटच्या बैठका यूट्यूबवर बघायला लागले आणि आता सुटत नाही. नवरा म्हणतो, लोक आयपीएल बघतात, तू कमिटी बघतेस.

आधी वस्तीचं सांगते. २०२०च्या जनगणनेत मॉन्टगोमेरी काउंटीची लोकसंख्या १० लाख ६२ हजार होती. यातल्या रॉकव्हिल, गेथर्सबर्ग, टकोमा पार्क वगैरे गावांना स्वतःचे महापौर आणि नगर-कौन्सिल आहेत. पण सिल्व्हर स्प्रिंग? बेथेस्डा? जर्मनटाऊन? महापौर नाही की नगरपालिका नाही. टपालाच्या पत्त्यापुरतं गाव. तिथे पोलीस, बर्फ उपसणं, झोनिंग (कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल ते), बांधकामाचा परवाना, सगळं काउंटीकडे. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना वॉशिंग्टन आणि ॲनापोलिसच्या (मेरीलँडच्या राजधानीच्या) खाली एकच सरकार आहे आणि ते म्हणजे काउंटी.

मेरीलँडमध्ये स्वतःची सनद (चार्टर, म्हणजे कारभाराची घटना) करून घेणारी ही पहिली काउंटी, १९४८ साली. त्याआधी इथले स्थानिक कायदेसुद्धा ॲनापोलिसला राज्याच्या विधिमंडळात व्हायचे. १९६८मध्ये सनद बदलली आणि १९७० पासून लोकांनी निवडलेला काउंटी एक्झिक्युटिव्ह आला. तेव्हापासून कारभार चालवायचा एक्झिक्युटिव्हने, आणि कायदे करायचे, पैसे मंजूर करायचे, जाब विचारायचा कौन्सिलने.

कौन्सिलवर आधी नऊ जण होते. २०२०च्या सार्वमतानंतर, डिसेंबर २०२२ पासून अकरा झाले : सात आपापल्या विभागातून, चार सगळ्या काउंटीतून. इथे एक गंमत आहे जी बऱ्याच नागरिक झालेल्या मंडळींनाही माहीत नसते. प्रत्येक मतदार पाच जण निवडतो, विभागाचा एक आणि काउंटीभरचे चार. त्यामुळे "माझ्या विभागाचा सदस्य ऐकत नाही" म्हणून गप्प बसायचं कारण नाही. आणखी चार जण तुमच्या मताचे देणेकरी आहेत. मुदत चार वर्षांची, आणि २०१६च्या सार्वमतापासून लागोपाठ तीनच मुदती.

आता पैसा. काउंटीचं वार्षिक बजेट साडेसात अब्ज डॉलरच्या आसपास आहे. त्यातला जवळपास निम्मा भाग शाळांना जातो. शाळांचं मंडळ वेगळं निवडून येतं, पण त्याला कर बसवता येत नाही. पैसे कौन्सिल देतं. मात्र किती द्यायचे आणि ढोबळ कुठल्या सदरात, एवढंच कौन्सिलच्या हातात. अमुक शाळेत तमुक शिक्षक ठेवा, असं ते सांगू शकत नाही. त्यामुळे "आमच्या शाळेतला बँडचा वर्ग का बंद केला" हे कौन्सिलला विचारलंत तर ते मंडळाकडे बोट दाखवतात, मंडळाला विचारलंत तर कौन्सिलकडे. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं, आणि म्हणूनच पालकांची चिडचिड होते.

घरपट्टीचं बिल उघडून बघा. मी दर जुलैत ते टेबलावर पसरून बसते. काउंटीचा मालमत्ता कर सगळ्यात मोठा. खाली राज्याची ओळ छोटी, शंभर डॉलरला ११.२ सेंट. मग कचऱ्याचा आकार. त्याखाली पाण्याच्या संरक्षणाचा आकार, जो तुमचं छप्पर आणि ड्राइव्हवे मिळून जमिनीत पाणी मुरू न देणारी जागा किती यावर ठरतो. या ओळींपैकी राज्याची सोडली तर बाकीचे दर दरवर्षी मे महिन्यात हे अकरा जण मंजूर करतात. शिवाय पगारातून जो काउंटीचा आयकर कापला जातो, कित्येक वर्षं ३.२ टक्के, तोही कौन्सिलच्याच अखत्यारीत. मालमत्ता कराचा दर मागच्या वर्षापेक्षा वाढवायचा तर सनदेप्रमाणे सगळ्याच्या सगळ्या सदस्यांचं मत लागतं. २०२३मध्ये एक्झिक्युटिव्ह मार्क एलरिक यांनी शाळांसाठी १० टक्के वाढ मागितली, राज्याच्या एका कायद्यातून शाळांपुरती जी वेगळी वाट आहे ती धरून. महिनाभर रण माजलं. कौन्सिलने शेवटी ४.७ टक्क्यांवर आणून बहुमताने मंजूर केली.

जमिनीबद्दल थोडक्यात. झोनिंगच्या बाबतीत शेवटचा शब्द कौन्सिलचा, एक्झिक्युटिव्हचा नाही. ऑक्टोबरात भोपळे आणायला आपण ज्या शेतांवर जातो ती शेतं अजून शेतं आहेत, कारण १९८०मध्ये काउंटीने जवळपास ९३ हजार एकर, म्हणजे काउंटीची एक तृतीयांश जमीन, शेतीसाठी राखून ठेवली. तिथे २५ एकरांना एक घर, त्याहून जास्त नाही. मग शेतकऱ्याचं नुकसान? त्याला बांधकामाचे हक्क दुसरीकडे इमारत उठवणाऱ्या बिल्डरला विकता येतात. शेतकऱ्याला पैसे, बिल्डरला वाढीव मजले, आपल्याला भोपळे. इतकी वर्षं झाली, तो राखीव पट्टा अजून टिकून आहे.

शेवटचं, आणि याच्यासाठीच खरं तर धागा काढला. "आम्ही एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर), आम्हाला कुठे मत आहे" हे वाक्य ऐकून कान किटले. मत नाही, मान्य. पण कौन्सिलच्या जाहीर सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. नाव नोंदवायचं, दोन-तीन मिनिटं मिळतात, बोलायचं. घरून व्हिडिओवरूनही चालतं. तिथे व्हिसा कुणी विचारत नाही.


हळद_हिंग

मस्त लिहिलंयस गं. वाचनखूण साठवली. तू खरंच कमिटी बघतेस?? मला बीएमएमच्या (बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या) मीटिंगला झोप येते.

पण एक शंका. हे सुनावणी प्रकरण दिखाऊ नसतं का? आमच्या सोसायटीच्या एजीएममध्येही सगळ्यांना बोलू देतात आणि ठराव आधीच टाइप केलेला असतो.


भाडेकरू_नं_१

धागा अगदी वेळेवर आला. आमच्या अपार्टमेंटच्या मालकांनी भाडेकराराच्या नूतनीकरणाला ९ टक्के वाढ लावली आहे. मी ऐकलं होतं की काउंटीत ६ टक्क्यांच्या वर भाडं वाढवता येत नाही. ऑफिसमध्ये विचारलं तर हसून म्हणाले, "तो कायदा आम्हाला लागू नाही." असं कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.


सोनचाफा

@भाडेकरू, इमारत किती जुनी आहे? २०२३च्या कायद्यात कमाल वाढ म्हणजे महागाईचा दर अधिक ३ टक्के किंवा ६ टक्के, यातलं जे कमी असेल ते. पण नव्या बांधकामाला २३ वर्षं सूट आहे. इमारत २००५च्या पुढची असेल तर ऑफिसवाल्याचं म्हणणं बरोबर आहे, हसण्याचं काही कारण नसलं तरी. ३११ला (काउंटीच्या मदत क्रमांकाला) फोन करून पत्ता दिलास तर लागू आहे की नाही ते खात्रीने कळेल.

@हळद_हिंग, याच कायद्याची गोष्ट सांगते, म्हणजे तुझ्या एजीएमच्या शंकेचंही उत्तर होईल. त्या वर्षी दोन विधेयकं आमनेसामने होती. एकात भाडेवाढीची मर्यादा कमाल ३ टक्के, दुसऱ्यात महागाई अधिक ८ टक्के. दोन्हींच्या मागे सदस्य, दोन्हींच्या मागे संघटना. सुनावण्यांना भाडेकरू एका रंगाचे शर्ट घालून आले होते आणि बिल्डरांची माणसं फायली घेऊन. मग कमिटीत कलमामागून कलम घासाघीस. २३ वर्षांची सूट, छोट्या मालकांची सूट, घर रिकामं झाल्यावर काय, हे सगळं तिथे शिजलं. शेवटी ६ टक्के, आणि ७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर. सगळं आधीच ठरलेलं असतं तर ३ आणि ८च्या मधला आकडा निघाला नसता.


भाडेकरू_नं_१

२०१२ची इमारत आहे. म्हणजे २०३५पर्यंत राम राम. धन्यवाद ताई, निदान हसला का ते कळलं.


जर्मनटाऊनवाला

आता घरमालकाचीही बाजू ऐका, मग धुवा. आमचं जुनं टाउनहाउस भाड्याने दिलेलं आहे. दोन किंवा त्याहून कमी घरं असलेल्या माणसाला त्या कायद्यातून सूट आहे, म्हणजे मला लागू नाही. तरी माझा विरोध आहे. २३ वर्षांनी भाड्याला कुलूप लागणार हे माहीत असताना इथे इमारत कोण बांधेल? पैसेवाला सरळ पूल ओलांडून व्हर्जिनियात जाईल. मग घरं कमी आणि भाडं आणखी वर. मला भाडेकरूंबद्दल आकस नाही, मी स्वतः सात वर्षं भाड्याने राहिलोय.

आणि भाड्याने देण्याचा परवाना काढायला लागतो, तो वेगळा. आपल्यातल्या कितीजणांनी काढलाय ते विचारत नाही. दिवा घ्या.


सोनचाफा

परवान्याबद्दल +१. "ओळखीतल्याच मुलांना दिलंय" म्हणून परवाना टळत नाही हो.

बांधकामाचा मुद्दा चार विरोधी सदस्यांनीही अगदी हाच मांडला होता. मला त्यात तथ्य वाटतं, पण ज्याला साठ दिवसांत नवं घर शोधायचंय आणि मुलांची शाळा बदलायची नाही, त्याला "दहा वर्षांनी पुरवठा वाढेल" हे सांगून उपयोग नसतो. सूट २३ ठेवायची की ३० की १५, यावर वाद होऊ शकतो. कायदाच नको, इथे मी येणार नाही.


नदीपल्याड

व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीतून नमस्कार. पूल ओलांडून पैसेवाले येताहेत म्हणे, अजून आमच्या दारात कुणी दिसलं नाही.

आमच्याकडे बोर्ड ऑफ सुपरवायझर्स आहे, अध्यक्ष धरून दहा जण. वस्ती तुमच्याहून थोडी जास्तच. पण अधिकारात फार फरक आहे, आणि तो धाग्यात यायला हवा. व्हर्जिनियात काउंटीला तेवढंच करता येतं जेवढं रिचमंडने, म्हणजे राज्याच्या राजधानीने, स्पष्ट शब्दांत करू दिलंय. प्लॅस्टिकच्या पिशवीवरचा पाच सेंटचा कर घ्या. मॉन्टगोमेरीने तो २०१२च्या जानेवारीपासून लावला. आम्हाला आधी राज्याने २०२०मध्ये परवानगी दिली, मग फेअरफॅक्समध्ये तो लागू झाला २०२२च्या जानेवारीत. दहा वर्षं फक्त "आम्हाला करू द्या" म्हणण्यात गेली.

रस्त्यांचंही तेच. आमच्या गल्लीतला खड्डासुद्धा राज्याच्या परिवहन खात्याचा. सुपरवायझरना सांगितलं तर ते बिचारे आपल्यासारखाच फॉर्म भरतात.


जर्मनटाऊनवाला

आणि गाडीवर दरवर्षी कर भरता ते? तो लावायची परवानगी मात्र रिचमंडने लगेच दिली वाटतं :)


नदीपल्याड

मीठ चोळा, चोळा.


टेक्सासी_तात्या

तुम्ही लोक सुनावण्या-बिनावण्या करता, आमच्या कॉलिन काउंटीत (प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी) त्याला म्हणतात कमिशनर्स कोर्ट. नाव कोर्ट, पण बजेटवर बसतात. चार कमिशनर आणि एक काउंटी जज. हे टेक्सासच्या २५४च्या २५४ काउंट्यांत एकाच साच्याचं आहे, मग वस्ती शंभराच्या आतली असो की पन्नास लाखांच्या घरातली.

आणि ते तुमच्यासारखे कायदे करू शकत नाहीत. रस्ते, तुरुंग, न्यायालयं, निवडणुका, आरोग्य, कर गोळा करणं. शहराच्या हद्दीबाहेर झोनिंगचाही अधिकार जवळजवळ नाहीच. तुमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत उद्या काँक्रीटचा कारखाना उभा राहिला तर कमिशनर हळहळण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही. मुलांच्या शाळेशी संबंध शून्य, शाळांचे जिल्हे स्वतंत्र आणि त्यांचा करही स्वतंत्र. मॉन्टगोमेरीसारखं भाडं, भोंगे, पिशव्या यात काउंटीने नाक खुपसलं तर इथले लोक बंदुका काढतील. पण राज्याचा आयकर नाही हो आम्हाला. तेवढं सुख.


एडिसनकर

न्यू जर्सीत तर काउंटी म्हणजे घरपट्टीच्या बिलावरची तिसरी ओळ, एवढीच ओळख. शाळेचा कर मोठा, मग टाउनशिप, मग काउंटी. आमच्या मिडलसेक्स काउंटीला सात कमिशनर, सगळे काउंटीभरातून तीन-तीन वर्षांसाठी निवडून येतात. एडिसनमध्ये इतकी वर्षं राहून मला त्यांतल्या एकाचंही नाव सांगता येणार नाही, महापौर मात्र नवरात्रात प्रत्येक गरब्याला भेटतो.

पण रुझवेल्ट पार्कमध्ये फिरायला जातो ते काउंटीचं, मुलगी शिकली ते मिडलसेक्स कॉलेज काउंटीचं. आपण वापरतो सगळं, फक्त कुणाचं आहे ते विचारत नाही. ५६४ नगरपालिका असलेल्या राज्यात दर दोन मैलांवर नवा महापौर, मग काउंटीला कोण विचारणार.


कृष्णाकाठ

साताऱ्याहून लिहितोय. जिल्हा परिषदेत नोकरी झाली, आता निवृत्त आहे. धागा आवडला, कारण मनात सारखी तुलना चालली होती.

वरवर बघता तुमचं कौन्सिल म्हणजे आमची जिल्हा परिषद वाटेल. तसं नाही. १९६१च्या कायद्याने १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या त्या ग्रामीण भागापुरत्या. शहर आलं की आमची हद्द संपली. तुमच्याकडे उलट दिसतंय, बेथेस्डासारखी भरगच्च वस्तीही काउंटीतच. दुसरं, आमच्याकडे प्राथमिक शाळा, दवाखाने, पाणी, ग्रामीण रस्ते इतकी कामं, पण स्वतःचं उत्पन्न म्हणजे जमीन महसुलावरचा उपकर आणि किरकोळ. बाकी सगळं शासनाच्या अनुदानावर. अध्यक्ष निवडून आलेला, पण सही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची, आणि तो शासनाने पाठवलेला आयएएस. जिल्हा नियोजनाचा निधी पालकमंत्र्यांच्या हातात. सदस्य सर्वसाधारण सभेत टेबल बडवायचा आणि संध्याकाळी त्याच रस्त्यासाठी आमदाराच्या घरी जायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे २०२२मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक. म्हणजे बजेट मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. सभागृहाला कुलूप. गावात कुणाला फार फरक पडलेला दिसला नाही, हे मला जास्त लागलं.

मला एक विचारायचंय. तुमच्याकडे सदस्याला आपल्या गटासाठी वेगळा निधी असतो का? आमच्याकडे सदस्याची सगळी पत त्यावर.


सोनचाफा

कृष्णाकाठ काका, तुमच्या प्रतिसादाचा वेगळा धागा व्हायला हवा, खरंच लिहा.

आमदार निधीसारखा ठरलेला कोटा इथे नाही. सदस्य आपल्या विभागातल्या शाळेची इमारत, ग्रंथालय, रस्त्याकडेची पायवाट सहा वर्षांच्या भांडवली आराखड्यात वर सरकवायला धडपडतो, आणि मग बातमीपत्रात स्वतःचा फोटो छापतो. पण ते सगळ्यांच्या मतांनीच मंजूर व्हावं लागतं. खरी ताकद कमिटीत असते. शिक्षण, वाहतूक, घरबांधणी, सार्वजनिक सुरक्षा अशा कमिट्या आहेत, आणि प्रत्येक विषयावर कौन्सिलचे स्वतःचे विश्लेषक आधी पॅकेट (माहिती आणि विश्लेषणाची फाइल) काढतात. कधीकधी दोन-अडीचशे पानं. एक्झिक्युटिव्हच्या आकड्यांवर विसंबायचं नाही, म्हणून वेगळी माणसं ठेवलेली. तुमच्याकडच्या सदस्याच्या हातात असं पॅकेट पडलं असतं तर टेबल बडवायला लागलं नसतं कदाचित.

बाकी सगळं आलबेल आहे असं नाही. झोनिंगचा सल्ला देणारं प्लॅनिंग बोर्ड कौन्सिल नेमतं. ऑक्टोबर २०२२मध्ये त्या बोर्डावर इतके वाद झाले की पाचही सदस्यांना एकदम राजीनामा द्यायला लावला. नेमलेही कौन्सिलनेच, काढलेही कौन्सिलनेच.

आणि अकराच्या अकरा सदस्य एकाच, डेमोक्रॅटिक पक्षाचे. विरोधी पक्षाचा शेवटचा माणूस २००६ला हरला. त्यामुळे खरी लढत नोव्हेंबरात नाही, प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत). मेरीलँडची प्रायमरी बंद असते, म्हणजे पक्षात नाव नोंदवलेलं असेल तरच तिथे मत. आपल्यातले बरेच जण नागरिक झाल्यावर मोठ्या अभिमानाने "कुठल्याच पक्षाचा नाही" अशी नोंद करतात आणि मग ज्या निवडणुकीत सगळं ठरतं तिथे बाहेर उभे राहतात. २०२२ला एक्झिक्युटिव्हच्या प्रायमरीत फेरमोजणीनंतरचं अंतर किती होतं माहितीये? ३२ मतं. दहा लाखांच्या काउंटीत. त्याआधी २०१८ला ७७. आपल्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात.


पश्चिमवारा

आमच्या लॉस एंजेलिस काउंटीत पाच सुपरवायझर आणि वस्ती कोटीच्या घरात. म्हणजे डोई वीस लाख लोक. कायदा करणारेही तेच आणि कारभार चालवणारेही तेच, वेगळा एक्झिक्युटिव्ह नाही. २०२४च्या नोव्हेंबरात लोकांनी मत देऊन हे बदललं, पुढे नऊ सुपरवायझर आणि निवडून येणारा एक्झिक्युटिव्ह येणार. त्यामुळे अकरा जण असून तक्रार करणाऱ्यांनी आमच्याकडे बघावं.

एक विचारू का, दारूचं काय प्रकरण आहे तुमच्याकडे? मागे भावाकडे आले होते, साधी रम आणायला त्याने मला सरकारी दुकानात नेलं!


जर्मनटाऊनवाला

हा हा, आला मुद्द्याचा प्रश्न. मॉन्टगोमेरीत दारूचा घाऊक धंदा काउंटीचा आणि व्हिस्की-रमसारखी कडक दारू बाटलीतून विकायची तीही काउंटीच्याच दुकानात. दारूबंदी उठली तेव्हापासून, १९३३. नफा काउंटीच्या तिजोरीत. मी पीतोय तो देशसेवा म्हणून.

हे मोडायचं तर कौन्सिलच्याही हातात नाही, ॲनापोलिसला कायदा बदलावा लागेल. आणि नफा मिळतोय तोवर कौन्सिल तरी कशाला मागे लागतंय.


हळद_हिंग

बरं ते राहू दे, भोंग्याचं सांग. आमच्या गल्लीत शनिवारी सकाळी सात वाजता सुरू व्हायचा. गेलं वर्ष शांत आहे. कुणाचे उपकार?


सोनचाफा

२०२३च्या सप्टेंबरात कायदा झाला. पेट्रोलवरच्या भोंग्यांची विक्री १ जुलै २०२४ पासून बंद, वापर १ जुलै २०२५ पासून बंद. त्याची सुनावणी मी पूर्ण बघितली. बोलणाऱ्याच्या समोर घड्याळ असतं, वेळ संपत आली की दिवा बदलतो आणि माणसं वाक्य गिळून खाली बसतात. एकीकडे आवाजाने आणि धुराने कावलेले रहिवासी, दुसरीकडे बागकामाचे कंत्राटदार. त्यांचं म्हणणं साधं होतं : बॅटरीचं यंत्र महाग, ओल्या पानांना जोर पुरत नाही, दिवसभरात चार बॅटऱ्या बदलाव्या लागतात. हे म्हणणं पूर्ण मान्य झालं नाही, पण वाया गेलं असंही नाही. विक्री आणि वापर यांत वर्षभराचं अंतर ठेवलं, आणि जुनं यंत्र देऊन बॅटरीचं घेणाऱ्याला काही पैसे परत द्यायची तरतूद झाली. सुनावणीचा उपयोग असा होतो. विधेयक पडत नाही, त्याच्या कडा घासल्या जातात.


भाडेकरू_नं_१

ताई, मी एच-वनवरच आहे. समजा बोलायला गेलो, तर पुढे ग्रीन कार्डला काही त्रास? बायको घाबरतेय.


सोनचाफा

सुनावणीत बोलणं म्हणजे राजकीय प्रचार नव्हे, आणि व्हिसा विचारतच नाहीत. पण चित्रफीत जाहीर असते आणि कायम राहते, ते लक्षात घेऊन जे पटेल ते करा. बोलायचं नसेल तर लेखी निवेदन पाठवता येतं, तेही पॅकेटमध्ये लागतं. कुणीही नवीन आलेल्याने सुरुवात तिथूनच करावी असं मी म्हणेन. एक मात्र नक्की टाळा : उमेदवाराला देणगी. ग्रीन कार्ड असेल तर चालते, एच-वनवर फेडरल कायद्याने मनाई आहे, अगदी स्थानिक निवडणुकीतही. गटगच्या उत्साहात वीस डॉलर देऊन बसू नका.

आणि टकोमा पार्कला राहायला गेलात तर मतही देता येईल. तिथल्या नगर-निवडणुकीत नागरिक नसलेल्या रहिवाशांना १९९३ पासून मत आहे. १६ वर्षांच्या मुलांना २०१३ पासून. काउंटीच्या निवडणुकीत नाही, फक्त त्या गावाच्या.

अवांतर : शाळांच्या मंडळावर एक विद्यार्थी सदस्य असतो, त्याला मतदानाचा हक्कही आहे, आणि त्याला सहावी ते बारावीची मुलं निवडतात. एच-फोरवरच्या (एच-वनवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) घरात आईबाबांना मत नाही आणि सातवीतली मुलगी "मी आज व्होट केलं" सांगत घरी येते. आमच्या मैत्रिणीकडे झालंय हे.


हळद_हिंग

अय्या! हे भारी आहे.

आता माझा स्वार्थी प्रश्न. आपली रविवारची मराठी शाळा आणि गणपतीचा कार्यक्रम, दोन्ही काउंटीच्या शाळांचे वर्ग आणि हॉल भाड्याने घेऊन होतात. ते भाडं परवडेनासं होत चाललंय. यात तुझे अकरा जण काही करू शकतात का?


सोनचाफा

करू शकतात. शाळेच्या जागा संध्याकाळी आणि सुट्टीला बाहेरच्या संस्थांना द्यायचं खातं काउंटीचं आहे, शाळेचं नाही. दर ठरवताना संस्था नफ्यासाठी आहे की नाही, मुलांसाठी आहे की मोठ्यांसाठी, हे बघतात. त्या खात्याचं बजेट शेवटी कौन्सिलपुढेच येतं. कालक्रम असा : एक्झिक्युटिव्ह १५ मार्चपर्यंत बजेट मांडतो, एप्रिलमध्ये जाहीर सुनावण्या, मग कमिट्या, मेअखेर मंजुरी, १ जुलैला नवं वर्ष सुरू. मे उजाडल्यावर ईमेलचा पाऊस पाडून काही होत नाही, तोवर आकडे गोठलेले असतात. जायचं तर एप्रिलमध्ये.

आणि एकट्या मराठी मंडळाने जाऊ नये. तमिळ शाळा, चिनी शाळा, इथिओपियन चर्चची मुलांची गाणी, सगळ्यांना तेच भाडं भरावं लागतं. पाच संस्थांचं एक निवेदन आणि बोलायला एक माणूस. पालकांपेक्षा दहावी-अकरावीतलं कुणी बोललं तर उत्तम, सदस्य फोन खाली ठेवून ऐकतात.


जर्मनटाऊनवाला

माझी कन्या बोलेल. घरात दोन मिनिटंही कुणाला बोलू देत नाही, तिथे तिचीच परीक्षा आहे. मुद्दे तुम्ही काढून द्या, आणि मागच्या तीन वर्षांच्या हॉलभाड्याच्या पावत्या कुणाकडे आहेत?


हळद_हिंग

खजिनदारांकडे. विचारते आजच. तमिळ शाळेतल्या एकांशी माझी ओळख आहे, त्यांनाही या धाग्यावरचं सांगते.


सोनचाफा

पावत्यांवर तास आणि खोल्या वेगवेगळ्या लिहिलेल्या असतील तर तशाच द्या, नुसती बेरीज नको. कमिटीत पहिला प्रश्न तोच येतो. नावनोंदणी सुरू झाली की इथेच टाकते.